नळीची चाचपणी (रायफल)

रायफलची नळी आतून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच मापाची आहे, की मध्ये कुठे आवळलेली वा सैल आहे, हे मऊ शिशाचा तुकडा हाताने ढकलून ओळखण्याची पद्धत. या कामाला नेमबाज 'स्लगिंग' म्हणतात, शिशाच्या तुकड्याला 'स्लग' आणि सापडलेल्या जागांना सरळ 'टाईट' किंवा 'लूज'. जुनी रायफल विकत घेण्याआधी, नवी नळी बसवताना, किंवा कालपर्यंत नीट ग्रुप देणारी, म्हणजे गोळ्या एकमेकींना लागून मारणारी, रायफल कारण नसताना फाकू लागली की ही तपासणी करतात.

कोल्हापूरला हा विषय दोन वाटांनी ओळखीचा आहे. पहिली वाट रेंजवरून येते. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन (पालथे झोपून) प्रकारात जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून) ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. दोन्ही प्रकार पॉइंट टू-टू (०.२२ इंच) रायफलचे. त्यात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मि.मी. व्यासाचे असते, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे, आणि ते पन्नास मीटरवर. दुसरी वाट शिवाजी उद्यमनगर या कोल्हापुरातल्या औद्योगिक वसाहतीतून येते. ऑइल इंजिनाचा सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, उभा-आडवा बोअर डायलने मोजून 'टेपर किती, ओव्हॅलिटी किती', म्हणजे भोक कुठे निमुळते आणि कुठे लंबगोल झाले, हे सांगणारे कारागीर तिथे पिढ्यानपिढ्या आहेत. प्रश्न तोच आहे, पण तो डायल इथे कामाचा नाही. नळीचे आतले माप खाचांच्या तळाशी जेमतेम ५.६५ मि.मी. आणि लांबी दोन फुटांच्या पुढे. एवढ्या अरुंद भोकात मधल्या जागेपर्यंत शिसे पोचते.

नळीत घडते ते असे. नळीला आतून पीळ दिलेल्या खाचा असतात आणि खाचांमध्ये उभे राहिलेले कंगोरे. पॉइंट टू-टूमध्ये साधारण सोळा इंचांत एक वेढा पुरा होतो. सुमारे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी या खाचांत दाबून बसते आणि फिरत बाहेर पडते. वाटेत नळी आवळलेली असली तर गोळी तिथे बारीक होते. पुढे नळी पुन्हा मोकळी झाली तरी शिसे आपणहून फुगत नाही. चेंबरजवळ, म्हणजे काडतूस बसते त्या मागच्या टोकाजवळ, वायूचा दाब इतका असतो की तो मऊ गोळीला मागून दाबून पुन्हा थोडी पसरवतो. तोंडाकडे येईपर्यंत दाब बराच उतरलेला असतो. म्हणून सगळ्यात वाईट जागा म्हणजे तोंडाजवळची ढिलाई. तिथे गोळीभोवतून वायू निसटतो, खाचांची पकड सुटते आणि गोळी किंचित डुलत बाहेर पडते. उलट, तोंडाकडे अगदी हळूहळू आवळत जाणारी नळी नेमबाज आवडीने शोधतात.

तपासणीआधी रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटानेही पाहावे, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) काढून बाजूला ठेवावा. नळी पूर्ण साफ हवी. चेंबरच्या पुढे जळक्या दारूचे कडक कडे साचते आणि ते हाताला हुबेहूब टाईट जागेसारखे लागते. या कड्यापायी चांगल्या नळ्यांची उगीच बदनामी झाली आहे. स्लगसाठी शुद्ध, नखाने ओरखडा उठेल असे शिसे घ्यावे. रंकाळा तलावावर गळ टाकणारे दोरीला बांधतात ते शिसे बहुधा चालते. चाकाच्या बॅलन्सिंगचे वजन मात्र कडक मिश्रधातूचे असते, ते घेऊ नये. जिवंत काडतूस उघडून गोळी काढण्याचा उद्योग तर मुळीच करू नये.

नळीला तेलाचा हात फिरवून, खाचांच्या मापापेक्षा किंचित जाड स्लग लाकडी हातोडीने हलकेच बसवतात आणि सपाट पितळी टोकाच्या एकसंध सळईने चेंबरकडून तोंडाकडे ढकलतात. सळईची मूठ बेअरिंगवर फिरणारी हवी, कारण स्लग खाचांबरोबर वळतो. मूठ फिरली नाही तर हाताला लागतो तो मुठीचाच अडथळा. स्लग बसताना जोर लागतो, मग तेल दिलेल्या पिचकारीच्या दट्ट्यासारखा तो एका चालीने सरकू लागतो. घट्ट जागी सळई थबकते, अंगठा आपोआप जास्त रेटतो. ढिल्या जागी अंधारात पायरी चुकावी तसा हात पुढे जातो. त्या क्षणी सळईवर चिकटपट्टीने खूण करायची. दुसरा, ताजा स्लग ढकलून खूण तिथेच आली तर जागा खरी. सरावलेल्या हाताला काही मायक्रॉनचाही फरक कळतो.

बाहेर आलेला स्लग मायक्रोमीटरवर धरला की पुष्कळांची फसगत होते. त्याच्या अंगावर नळीतल्या सर्वांत अरुंद जागेचेच माप उरते, ढिलाईची खूण त्यावर राहत नाही. ती फक्त हाताने कळते. दोन टोकांची तुलना करायची तर एक स्लग तोंडाकडून दोन-तीन इंच आत नेऊन त्याच बाजूने परत काढावा, दुसरा चेंबरकडच्या बाजूने तसाच, आणि मग दोन्ही मोजावेत. खाचांची संख्या सम असली तर समोरासमोरच्या खाचांचे ठसे साध्या मायक्रोमीटरमध्ये बसतात. पाच खाचांच्या नळीला व्ही आकाराच्या तोंडाचा मायक्रोमीटर लागतो. नळ्या बनवणारे मोठे कारखाने एअर गेज वापरतात. त्यात दाबाची हवा बारीक छिद्रांतून नळीच्या भिंतीवर सोडतात आणि हवेच्या अडण्यावरून माप काढतात. बोअरस्कोपने, म्हणजे नळीत घालायच्या बारीक दुर्बिणीने, खरबरीतपणा आणि गंज दिसतो, माप नाही.

दोषाचे मूळ पुष्कळदा नळीच्या बाहेर सापडते. बटणाने (भोकातून ओढलेल्या वा ढकललेल्या कडक धातूच्या ठशाने) खाचा दाबून काढलेल्या नळीच्या पोलादात ताण अडकलेला असतो. नंतर बाहेरून लेथवर धातू उतरवला, की पातळ झालेल्या भागात भोक किंचित उघडते. साईटसाठी खाच पाडली तिथेही तेच होते. नाव किंवा नंबर जोराने ठोकलेल्या ठिकाणी मात्र ते आवळते. तोंडावर घट्ट बसवलेली कडीही नळी दाबू शकते, म्हणून ती काढून एकदा पुन्हा ढकलून पाहणे शहाणपणाचे. आत काही अडकलेले असताना गोळी झाडल्याने आलेला फुगवटा हाताला एकदम मोकळा लागतो आणि उजेडात काळसर कड्यासारखा दिसतो.

टाईट जागेवर उपाय आहे. नळीतच ओतून घेतलेल्या शिशाच्या लॅपला, म्हणजे घासणीच्या दट्ट्याला, बारीक अपघर्षक लावून ती घासून काढतात. ढिल्या जागेत धातू भरता येत नाही. ढिलाई तोंडाशीच असेल तर तेवढा तुकडा कापून नवा क्राऊन, म्हणजे तोंडाची घडीव कड, काढतात. तो नळीच्या अक्षाला काटकोनात बसला नाही तर एका बाजूने वायू आधी सुटतो आणि आधीचा दोष बरा म्हणायची वेळ येते. उद्यमनगरातल्या कुशल हातांना हे काम जमण्यासारखे असले तरी त्यांच्याकडे ते नेता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीला परवाना लागतो, आणि नळी आखूड करण्यालाही.