मछली, वॉटर आणि चौदा मात्रा

इंग्रजी मुळाक्षरे ज्या चालीवर जगभरातली मुले पाठ करतात, ती चाल मुळात इंग्रजी नाही. ती फ्रान्समधली असून १७६१ साली प्रथम छापली गेली. तिच्यावर बसवलेले मुळाक्षरांचे गाणे अमेरिकेत बॉस्टन येथे १८३५ साली प्रसिद्ध झाले. एका भाषेच्या चालीत दुसऱ्या भाषेचा मजकूर भरण्याचा उद्योग, म्हणजे, नवा नाही. आपल्याकडे तर त्याची पुढची पायरीही फार पूर्वी गाठली गेली होती. अमीर खुसरो यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या (कर्तृत्वाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत) ‘खालिकबारी’ या पद्यकोशात अरबी-फारसी शब्द आणि त्यांचे हिंदवी (त्या काळच्या हिंदीतले) प्रतिशब्द एकाच ओळीत, वृत्तात गुंफलेले आहेत. ‘खालिक’ आणि ‘बारी’ म्हणजे ‘सिरजनहार’ (निर्माता), ‘वाहिद’ म्हणजे ‘एक’, अशी त्याची सुरुवात आहे. शब्दकोश उघडून पाहण्याऐवजी तो गुणगुणत पाठ करावा, ही त्यामागची कल्पना.

आज हिंदीभाषक घरांत आणि बालवाड्यांत हेच काम बालगीतांकडून करून घेतले जाते, फक्त फारसीच्या जागी इंग्रजी आली आहे. ‘मछली जल की रानी है’ हे पारंपरिक गाणे तीन-चार वर्षांच्या मुलांना तोंडपाठ असते. शिक्षिका किंवा आई त्यातला एखादा शब्द काढते आणि त्या जागी इंग्रजी शब्द ठेवते. युक्ती इतकी साधी आहे की तिच्यामागे काही शास्त्र असेल असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. तरीही कोणता शब्द काढला, नवा शब्द नेमक्या कोणत्या मात्रेवर ठेवला आणि गाणे संपल्यावर त्या शब्दाचे काय केले, यांवर मूल इंग्रजी शिकते की केवळ गाण्याची एक नवी आवृत्ती शिकते, हे अवलंबून असते.

चालीमुळे मजकूर लक्षात राहतो असे आपण सर्रास म्हणतो, परंतु हे विधान अर्धेच खरे आहे. मानसशास्त्रज्ञ वांडा वॉलेस यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, तीच चाल अनेक कडव्यांतून पुन्हा पुन्हा ऐकली गेली, तर गायलेला मजकूर नुसत्या बोललेल्या मजकुरापेक्षा चांगला आठवतो. मात्र चाल पुरेशा वेळा कानावर पडली नसेल, तर हा फायदा मिळत नाही. कारण उघड आहे. अनोळखी चाल ही स्वतःच शिकावी लागणारी गोष्ट असते, आणि ती शिकण्यात खर्च झालेले लक्ष शब्दांच्या वाट्याला येत नाही. ऐकलेले शब्द मनात घोळवत ठेवण्याची माणसाची क्षमता फार तोकडी आहे. ॲलन बॅडली यांच्या कार्यस्मृतीच्या प्रतिमानात ती मोठ्या माणसांतही साधारण दोन सेकंदांच्या बोलण्याइतकीच मानली जाते, आणि लहान मुलांत ती त्याहून कमी असते. अनोळखी इंग्रजी गाणे समोर आले की चाल, शब्द, अर्थ आणि उच्चार हे सारे एकदमच या अरुंद दारातून आत शिरू पाहतात. परिचयाच्या हिंदी गाण्यात मात्र चाल, हातवारे, अर्थ आणि ओळींचा क्रम आधीच आत जाऊन बसलेले असतात, त्यामुळे दारात एकटा नवा शब्द उरतो.

गाऊन शिकण्याचा फायदा परक्या भाषेलाही होतो, याचा एक चांगला पुरावा २०१४ साली एडिंबरो विद्यापीठातील संशोधकांनी मांडला. साठ प्रौढांना तीन गटांत विभागून हंगेरियन भाषेतली छोटी वाक्ये पंधरा मिनिटे शिकवली गेली: एका गटाने ती ऐकून साधी म्हटली, दुसऱ्याने ठेक्यात म्हटली, तिसऱ्याने गायली. ती वाक्ये हंगेरियनमध्ये आठवून म्हणण्याच्या चाचण्यांत गाणारा गट पुढे राहिला. ही सारी माणसे प्रौढ होती, तेव्हा हा निष्कर्ष जसाच्या तसा चार वर्षांच्या मुलाला लावणे घाईचे ठरेल. पण नुसत्या ठेक्यापेक्षा सुरांनी अधिक काही दिले, ही बाब बालगीतांचा विचार करताना दुर्लक्षून चालणार नाही.

आता प्रत्यक्ष गाण्याकडे वळू. छंदशास्त्राच्या नियमाने लघू अक्षराची एक आणि गुरू अक्षराची दोन मात्रा धरली, तर ‘मछली’च्या चार, ‘जल’च्या दोन, ‘की’च्या दोन, ‘रानी’च्या चार आणि ‘है’च्या दोन, अशा चौदा मात्रा होतात. ‘जीवन उसका पानी है’ ही पुढची ओळही बरोबर चौदा मात्रांची आहे. गाताना या मात्रा चार-चारच्या गटांत पडतात, शेवटच्या गटात ‘है’नंतर दोन मात्रा रिकाम्या राहतात आणि तिथे मूल श्वास घेते. प्रत्येक गटाच्या पहिल्या मात्रेवर टाळी पडते: ‘मछली’, ‘जल की’, ‘रानी’, ‘है’.

समजा, शिक्षिकेने उत्साहाने दोन शब्द एकदम बदलून ‘फिश वॉटर की रानी है’ असे म्हटले. मात्रा मोजा: दोन, चार, दोन, चार, दोन. बेरीज पुन्हा चौदाच! हिशेबाच्या वहीत ही ओळ निर्दोष आहे, परंतु टाळी वाजवून पाहिली की घोटाळा लक्षात येतो. पहिल्या टाळीवर ‘फिश’ येतो, त्याच्यामागोमाग ‘वॉ’ गटाच्या मध्येच बिनटाळीचा निघून जातो आणि दुसरी टाळी ‘टर’वर पडते. इंग्रजीत या शब्दाचा आघात (उच्चारातला जोर) पहिल्या अक्षरावर, म्हणजे ‘वॉ’वर, आहे. दुसरे अक्षर, म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा ‘टर’, इतके दुबळे असते की त्यातला स्वर जेमतेम ऐकू येतो. मुलाच्या कानात मात्र ‘वॉटर’ हा शब्द उलटा, म्हणजे शेपटीवर जोर देऊन, रुजतो. तोच शब्द पुढच्या ओळीत ठेवा: ‘जीवन उसका वॉटर है’. मात्रा चौदाच राहतात, पण आता तिसरी टाळी नेमकी ‘वॉ’वर पडते.

हा फरक किरकोळ वाटेल, पण इंग्रजीत आघात हा शब्दाच्या ओळखीचाच भाग आहे. हिंदीत, तसेच मराठीतही, जवळजवळ प्रत्येक अक्षराला आपापला पूर्ण स्वर मिळतो; आघात कुठे पडला यावरून अर्थ सहसा बदलत नाही. इंग्रजीत आघातयुक्त अक्षर ठसठशीत उभे राहते आणि आजूबाजूची अक्षरे आक्रसतात. केळ्याच्या इंग्रजी नावात मधल्या ‘ना’वर सगळा भार असतो, पुढचे आणि मागचे अक्षर पुसट होते, आपण मात्र तिन्ही अक्षरे सारख्याच इमानदारीने उच्चारतो. भाषांच्या लयीतल्या या भेदासाठी केनेथ पाइक या भाषाशास्त्रज्ञाने १९४५ साली संज्ञा सुचवल्या. आघात घड्याळाच्या टोल्यांसारखे समान अंतराने पडतात, ही जुनी समजूत पुढच्या मोजमापांत टिकली नाही, परंतु लयीचा भेद खरा आहे, आणि तो ऐकण्याची क्षमता माणूस जन्मतःच घेऊन येतो. १९९८ साली फ्रान्समध्ये झालेल्या प्रयोगात अवघ्या काही दिवसांच्या फ्रेंच तान्ह्या मुलांना इंग्रजी आणि जपानी या दोन्ही अनोळखी भाषांतला फरक केवळ लयीवरून जाणवला होता. ज्या कानांना हे जमते, त्यांना हिंदी ठेक्यात ठोकून बसवलेली इंग्रजी ऐकवणे म्हणजे त्यांच्या एका चांगल्या गुणाचा अव्हेर करणे होय.

‘पानी’च्या जागी ‘वॉटर’ आला की ‘रानी’शी असलेले यमक मोडते, ही तक्रार रास्त आहे. यमक हा पुढचा शब्द आठवण्याचा धागा असतो, आणि त्याचे मोल तेवढेच नाही. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली दाखवून दिले की शाळेत जाण्यापूर्वी यमक आणि अनुप्रास ओळखण्यात तरबेज असलेली मुले पुढे वाचनातही सरस ठरतात, कारण शब्द हा ध्वनींच्या तुकड्यांचा बनलेला असतो ही जाणीव त्यांना आधी झालेली असते. म्हणून माझ्या मते मूळ हिंदी कडवे आधी पूर्ण, यमकासह गावे आणि बदललेले कडवे त्याच्यानंतर यावे. ‘पानी’ची वाट पाहणाऱ्या कानाला ‘वॉटर’ ऐकू आला की मूल दचकते, हसते, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याचे सारे लक्ष त्या एका शब्दावर असते.

गाण्यात प्रत्येक शब्दाची जागा ठरलेली असते, याचा आणखी एक फायदा आहे. लहान मुले साधारणपणे असे गृहीत धरतात की एका वस्तूला एकच नाव असते. एलन मार्कमन यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तीन-चार वर्षांच्या मुलांसमोर एक ओळखीची आणि एक अनोळखी वस्तू ठेवून नवाच शब्द उच्चारला, की मुले तो बहुधा अनोळखी वस्तूला चिकटवत. एकाहून अधिक भाषांत वाढणाऱ्या मुलांत ही प्रवृत्ती कमी असते, परंतु जे मूल घरी केवळ हिंदी ऐकते, त्याला ‘फिश’ हे एखाद्या वेगळ्याच माशाचे नाव वाटू शकते. गाण्यात मात्र ‘मछली’ची खुर्ची ठरलेली आहे. तिच्यावर ‘फिश’ येऊन बसला की दोन्ही नावे एकाच प्राण्याची आहेत, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

नामांपुरते हे छान चालते. वाक्यरचनेला हात लावला की गाडी अडते. हिंदीत क्रियापद शेवटी येते आणि ‘में’, ‘पर’, ‘की’ हे शब्द नामाच्या मागे येतात. इंग्रजीत क्रियापद मध्ये सरकते आणि असे शब्द नामाच्या पुढे उभे राहतात. दोन भाषांची सरमिसळ करून बोलणारी माणसे कुठेही उडी मारत नाहीत, तर दोन्ही व्याकरणांचा क्रम जिथे जुळतो अशा सांध्यावरच भाषा बदलतात, असे शाना पॉप्लॅक यांनी १९८० साली न्यूयॉर्कमधल्या स्पॅनिश-इंग्रजी बोलणाऱ्यांच्या अभ्यासातून मांडले होते. बालगीतातही हाच विवेक हवा. ‘पानी में’मधले ‘में’ इंग्रजीत बदलायला गेलो, तर तयार होणारी रचना ना हिंदीची ना इंग्रजीची. पूर्ण इंग्रजी वाक्य शिकवायचे असेल, तर त्याच चालीवर स्वतंत्र इंग्रजी ओळ रचावी. मग प्रत्येक आघात टाळीवर पडतो की नाही, एवढे पाहिले म्हणजे झाले.

उच्चारांबाबत गाणे थोडे फसवे असते. ‘मछली’च्या चार मात्रांच्या जागी एका दमात उच्चारला जाणारा ‘फिश’ बसवायचा, तर तो ताणावा लागतो आणि ऱ्हस्व ‘फि’चा दीर्घ ‘फी’ होतो. इंग्रजीत या दोन स्वरांच्या फरकावर शब्दांच्या जोड्याच्या जोड्या उभ्या आहेत. ‘वॉटर’मधला ‘व’ ओठांचा चंबू करून उच्चारायचा असतो; हिंदीत एकच ‘व’ इंग्रजीतल्या दोन वेगळ्या ध्वनींचे काम करतो. (मराठीने निदान ‘व’ आणि ‘व्ह’ असे वेगळे लिहिण्याची सोय करून ठेवली आहे.) ध्वनींच्या बाबतीत वय का महत्त्वाचे, हे सांगणारा सर्वांत गाजलेला प्रयोग योगायोगाने हिंदीवरच झाला. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवले की इंग्रजीभाषक घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक ऐकू येतो, पण दहा ते बारा महिन्यांपर्यंत बहुतेकांची ही क्षमता मावळते. बालवाडीत येणाऱ्या मुलाचा कान, म्हणजे, अगदी कोरा राहिलेला नसतो. त्याने आपल्या भाषेचे कप्पे पाडून ठेवलेले असतात, आणि इंग्रजी ‘ट’ हा हिंदी ‘ट’हून जिभेच्या थोड्या पुढच्या जागी उच्चारला जात असला, तरी तो बिनबोभाट हिंदीच्याच कप्प्यात जाऊन पडतो. हे कप्पे अजून पक्के झालेले नसतात, एवढीच जमेची बाजू.

मग गाणे मोबाईलवर लावून दिले तर? पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांतून चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या, पुस्तक दाखवणाऱ्या माणसाकडून ज्यांनी ती ऐकली, त्यांना त्या भाषेतले ध्वनी ओळखता आले; तेच बोलणे पडद्यावरून किंवा ध्वनिमुद्रणातून ऐकणाऱ्या बाळांच्या पदरी काहीच पडले नाही. चार वर्षांचे मूल पडद्यावरून थोडेफार शिकते हे खरे, तरीही ‘जीवन उसका…’ म्हणून थांबणे, मुलाच्या तोंडाकडे पाहणे आणि त्याने ‘वॉटर’ म्हटल्यावरच पुढे जाणे, हे ध्वनिमुद्रित गाण्याला करता येत नाही.

शेवटची अडचण स्मृतीच्या स्वभावातूनच येते. गाण्यात साठवलेली गोष्ट क्रमाने बाहेर पडते. इंग्रजीत ‘आर’च्या आधी कोणते अक्षर येते, असे अचानक विचारले, तर पुष्कळ मोठी माणसेही मनातल्या मनात मागून गात येतात, आणि मुळाक्षरांच्या गाण्यातले ‘एल-एम-एन-ओ-पी’ हे एकच अक्षर आहे अशी अनेक मुलांची काही काळ समजूत असते, कारण चालीने ती पाचही अक्षरे एका दमात उरकलेली असतात. ‘वॉटर’चेही असेच होऊ शकते: ओळीत तो हमखास येतो, पण समोर पाण्याचा पेला धरला की सुचत नाही. म्हणून गाणे थांबल्यावर तो शब्द चालीविना, त्याच्या खऱ्या लांबीचा आणि आघाताचा, साधा बोलून दाखवावा लागतो. पेला भरताना, हात धुताना, झाडाला पाणी घालताना. मूल सुरुवातीला तो सुरातच म्हणते आणि काही दिवसांनी कधीतरी सूर गळून पडतो.