पन्नास उंदरांचा हिशेब

एखाद्या रसायनामुळे कर्करोग होतो का, हे तपासायला अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमात ते रसायन उंदरांना साधारण २ वर्षं देतात. प्रत्येक गटात सहसा ५० नर आणि ५० माद्या. एका गटाला रसायन अजिबात देत नाहीत. शेवटी प्रत्येक उंदराच्या अवयवांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून गाठी शोधतात.

५० हा आकडा मला नेहमीच तोकडा वाटतो. समजा, रसायन न दिलेल्या ५० नरांत एकालाही गाठ नाही आणि दिलेल्या ५० नरांत चौघांना आहे. रसायन निरुपद्रवी असलं, तरी हे चौघं निव्वळ योगायोगाने त्याच गटात पडण्याची शक्यता जवळजवळ ६ टक्के. पाच असतील तर ती ३ टक्क्यांखाली जाते. रूढ मर्यादा ५ टक्क्यांची, म्हणजे पाचवा उंदीर सापडेपर्यंत रसायनाला दोषी धरता येत नाही. आणि शंभरात एकालाच कर्करोग देणारं रसायन? ५० उंदरांत एकही गाठ न दिसता ते निसटण्याची शक्यता ६० टक्के! शंभरात एक म्हणजे एक कोटी माणसांत एक लाख. म्हणूनच उंदरांना सोसवेल तितका जड डोस देतात. ‘एवढं कोण खातं?’ हा प्रश्न रास्त आहे, पण डोस उतरवला तर इतक्या थोड्या उंदरांत काही दिसणारच नाही.

जड डोसाने काही उंदीर लवकर मरतात. ५२व्या आठवड्यात मेलेल्याला गाठ नव्हती, पण जगला असता तर? त्याला अख्खा उंदीर धरला, तर रसायन उगाच सुटतं. ‘पॉली-३’ नावाच्या संख्याशास्त्रीय चाचणीत त्याने १०४ आठवड्यांचा जेवढा हिस्सा काढला, त्याचा घन घेतात. अर्ध्याचा घन एक अष्टमांश, तेवढाच तो उंदीर मोजायचा. गाठ झालेला मात्र कधीही मेला तरी पूर्ण एक. घन अशासाठी, की गाठींचं प्रमाण साधारण वयाच्या तिसऱ्या घाताने वाढतं.

एवढं करूनही उंदीर म्हणजे माणूस नव्हे. १९७० च्या दशकात सॅकरीन या साखरेऐवजी वापरायच्या कृत्रिम गोड पदार्थामुळे नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या. आकड्यांत चूक नव्हती. पण भरपूर सॅकरीन खाल्लेल्या उंदरांच्या मूत्रात कॅल्शियम फॉस्फेटचे कण तयार होतात, ते आतल्या अस्तराला इजा करतात आणि ती भरून काढताना पेशी वाढत सुटतात. माणसात असं घडत नाही. २००० साली सॅकरीनचं नाव अमेरिकेच्या संशयित कर्करोगकारक पदार्थांच्या यादीतून काढलं गेलं.