मेंदू रक्त चाखतो तेव्हा

"गवत खातोय ना, मग पोट साफ करतोय. होईल बरा." पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या बागेत कुत्र्यांबद्दल हे वाक्य रोज ऐकू येतं. पण धडधाकट कुत्रीही आवडीने गवत खातात, आणि खाऊन बहुतेक वेळा ओकतही नाहीत. तेव्हा गवत सोडा, तोंडाकडे बघा. मळमळणारा कुत्रा समोर खाणं नसताना ओठ चाटतो, रिकामे घोट गिळतो, लाळ गाळतो, वाटी हुंगून मान फिरवतो.

गेल्या जुलैत रात्री तीनला आमची ब्राउनी पलंगाखाली अशीच गिळत होती. गळक्, गळक्. आम्ही म्हटलं, काहीतरी खाल्लं असेल. डॉक्टरांनी मात्र पोट चाचपलं आणि लगेच रक्त काढलं. दोष मूत्रपिंडात निघाला.

मूत्रपिंड बिघडलं तर मळमळ का? शरीराची ही करामत मला फार आवडते. रक्तातलं भलतंसलतं मेंदूत शिरू नये म्हणून तिथल्या केशवाहिन्यांच्या भिंती घट्ट विणलेल्या असतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेवरच्या एका चिमुकल्या भागात मात्र ही वीण मुद्दाम सैल असते. त्याचं नाव एरिया पोस्ट्रेमा. इथे मेंदू थेट रक्त चाखतो. मूत्रपिंडाने गाळायची राहिलेली घाण, विष, एखादं औषध, काहीही चवीत आलं की धोक्याची घंटा वाजते. दुसरी घंटा आतड्यातून येते. तिथल्या पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि व्हेगस चेतातंतू तो निरोप वर नेतो. दोन्ही निरोप शेजारच्याच चेताकेंद्रात एकत्र येतात. पुढच्या टप्प्यावर सबस्टन्स पी हे रसायन एनके-१ नावाच्या ग्राहकांवर, म्हणजे पेशींवरच्या निरोप झेलणाऱ्या जागांवर, बसतं आणि उलटीचा हुकूम सुटतो. डॉक्टर देतात ते मॅरोपिटंट हे उलटीवरचं औषध नेमकं हेच ग्राहक अडवतं. हुकूम सुटला की आधी लाळ सुटते, कारण वर येणाऱ्या आम्लापासून ती घसा आणि दात वाचवते. मग लहान आतड्याच्या मध्यापासून उलट्या दिशेची एक मोठी लाट जठराकडे येते. पिवळं पित्त येतं ते तिच्याबरोबर.

म्हणून मुंबईच्या पावसात उलट्या आणि मरगळ एकत्र दिसली तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराची, शंका घ्यायलाच हवी. उंदराच्या मुताने दूषित झालेलं डबक्यातलं पाणी मूत्रपिंड आणि यकृत दोन्हींना भोवतं. लस असते, ती दरवर्षी टोचून घ्या.

मोठा कुत्रा एक-दोनदा ओकला आणि एरवी खेळकर असेल, तर काही तास खाणं थांबवा, पाणी थोडं थोडं द्या. मग मऊ भात आणि हाडं काढलेलं उकडलेलं चिकन. मीठ, मसाला, कांदा, लसूण काही नको. पिल्लाला उपाशी ठेवू नका, त्याला सरळ दवाखान्यात न्या. पोट फुगलंय, उबळ येतेय पण बाहेर काहीच पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. जठराला पीळ पडलेला असू शकतो आणि काही तासांत जीव जातो.

नजर लागली म्हणून मीठ-मोहरी ओवाळण्यात वेळ घालवू नका. ओकायला लावायचं म्हणून मिठाचं पाणी तर कधीच पाजू नका. रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात. घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनही नको, ती कुत्र्याला विषच.

निघताना उलटीचा फोटो काढा, किती वाजता झाली ते लिहून ठेवा, आणि काही चघळलेलं सापडलं तर त्याचं वेष्टन पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा.