एक-चौदा, झोन आणि सीआरझेड: गावचा सर्व्हे नंबरनिहाय नकाशा करायचा तर कुठे काय मागावे

गोव्यात जमिनीचा एकच तुकडा तीन खात्यांत तीन नावांनी नांदतो. महसुली उताऱ्यावर (नमुना १ व १४, म्हणजेच 'एक-चौदा') तो 'तरी' (भातशेत) असतो, प्रादेशिक आराखड्यात 'ऑर्चर्ड' (बागायत) आणि किनारी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) नकाशावर खाजन (खाडीच्या पाण्यापासून बांधाने राखलेली सखल जमीन). यातला कुठलाही एक कागद हाती धरून 'आपली जागा मोकळी आहे' किंवा 'इथे बांधताच येणार नाही' असे ठरवणे धोक्याचे. तिन्हींना जोडणारा एकच धागा आहे, तो म्हणजे सर्व्हे नंबर आणि त्याचा उपविभाग. म्हणून गावातील खाजने, झरे, तळी, डोंगरउतार वाचवायचे असोत की स्वतःच्या भाटात (माडा-काजूच्या बागेत) घर बांधायचे असो, सुरुवात नंबरापासून करावी.

हे कागद मागायला जमीनमालक असण्याची गरज नाही. एक-चौदा आणि प्रादेशिक आराखडा कुणालाही पाहता येतो. आराखड्यातील बदलांवर सूचना आणि हरकतीही कुणालाही देता येतात. नोंदीत दुरुस्ती, हद्दीची मोजणी, जमीन-वापर बदलाची सनद यांसाठी मात्र कब्जेदार किंवा हक्कदार असावे लागते. कोमुनिदादीच्या (गावकारांच्या जुन्या सामाईक संस्थेच्या) जमिनीबाबत अर्ज कोमुनिदादीमार्फतच जायला हवा.

उतारा नीट वाचा

डीएसएलआरच्या (जमाबंदी व भूमिअभिलेख संचालनालयाच्या) संकेतस्थळावर तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि उपविभाग भरला की नमुना १ व १४ उघडतो. सोबत त्याच नंबराचा सर्व्हे प्लॅन घ्यावा. अर्जाला जोडायची सहीशिक्क्याची प्रत वेगळी मागावी लागते. शहरी भागात सर्व्हे नंबराऐवजी पी. टी. शीट नंबर आणि चलता नंबर लागतो, आणि उताऱ्याच्या जागी फॉर्म डी येतो.

बहुतेक लोक उताऱ्यावर कब्जेदाराचे नाव बघतात आणि कागद घडी घालून ठेवतात. गावचा नकाशा करणाऱ्याने क्षेत्राचे रकाने बघावेत. जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड अशा जमिनीच्या प्रकारांनुसार ते वेगवेगळे असतात. खाली पोटखराबाचे अ आणि ब वर्ग असतात. नाला, वाट, खडक अशी लागवडीला न येणारी जागा बहुधा तिथे सापडते. कुळाचा रकाना, 'इतर हक्क' आणि शेरा वगळू नयेत. कुळाने कूळकायद्याखाली विकत घेतलेली जमीन १९९१ च्या जमीन-वापर नियमन कायद्याने शेतीलाच बांधलेली आहे. आणि २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन बिगर-शेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध आले आहेत. शिवाय 'शेताचे नाव' म्हणून एक रकाना असतो. कुणी त्याकडे ढुंकूनही पाहत नाही, पण व्हाळ (ओढा), झर, पोय (खाजनातले तळे), मानस (खाजनाचे पाणी-दार) यांच्यावरून पडलेली नावे तिथेच टिकून आहेत. जुन्या पाण्याचा माग काढायला माझ्या मते तो रकाना फार कामाचा.

झोन कुठला?

प्रादेशिक आराखडा २०२१ चे पंचायतवार नकाशे नगरनियोजन खात्याकडे आहेत. पीडीएच्या (नियोजन व विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत मात्र बाह्यविकास आराखडा लागू असतो आणि विचारणा पीडीएकडे करावी लागते. झोनिंग दाखल्यासाठी (जागा कोणत्या वापराच्या झोनमध्ये येते हे सांगणारा कागद) तालुक्याच्या नगरनियोजन कार्यालयात साधा अर्ज, एक-चौदा, सर्व्हे प्लॅन आणि फी लागते. अर्जात 'संपूर्ण उपविभागाचा झोन, आणि भाग असल्यास कोणता भाग कशात' असे स्पष्ट लिहावे. एकाच उपविभागातून झोनची रेघ जाते तेव्हा मोघम उत्तराचा काही उपयोग होत नाही.

या आराखड्यात पर्यावरण संवेदनशील विभाग दोन आहेत. पहिल्यात वने, अभयारण्ये, खारफुटी, खाजगी वने, पाणवठे, भातशेती आणि खाजन. दुसऱ्यात बागायती, नैसर्गिक आच्छादन, मिठागरे, सिंचनाखालचे क्षेत्र आणि तीव्र उतार. २५ टक्क्यांहून जास्त उतार असेल तर विकासाला मनाई आहे. डोंगर कापायचा किंवा सखल जमीन भरायची तर नगरनियोजन कायद्याच्या कलम १७अ खाली आधी परवानगी हवी, झोन कुठलाही असो.

दाखल्यावरची तारीख जरूर पाहावी. कलम १७(२) खाली 'आराखड्यातील चूक सुधारणे' म्हणून अनेक जागांचे झोन बदलले होते. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले. त्याआधीचा दाखला कुणी पुढे केला तर नवा मागवा.

भरतीरेषा आणि खाजन

२०११ च्या सीआरझेड अधिसूचनेवर आधारलेला गोव्याचा किनारी आराखडा केंद्राने २०२२ साली मान्य केला. समुद्रापासून लांब असल्याने आपल्याला सीआरझेड लागू नाही, असे सांगणारे फोंडा-डिचोलीतही भेटतात. भरती-ओहोटीचे पाणी ज्या नदी-खाडीत चढते तिच्या काठालाही सीआरझेड लागतो: १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतले जे कमी असेल ते. खारफुटी १००० चौरस मीटरहून अधिक असेल तर तिच्याभोवती आणखी ५० मीटर सोडावे लागतात. गोव्यासाठी या अधिसूचनेत खास तरतुदीही आहेत. वाळूच्या टेकड्यांवर कामाला मनाई आहे आणि खाजनांचे नकाशे करणे बंधनकारक आहे.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. खाजन वाचवायला लोक पाणथळ जागांच्या नियमांखाली अर्ज करतात. पण २०१७ च्या त्या नियमांत भातशेती, मिठागरे आणि नदीचे पात्र पाणथळ धरलेलेच नाही. खाजनाचा रस्ता सीआरझेड आणि प्रादेशिक आराखड्यातून जातो. तळी आणि नैसर्गिक सरोवरे यांच्यासाठी मात्र पाणथळ प्राधिकरणच योग्य. कुडचड्याजवळची नंदा तळी २०२२ साली गोव्याची पहिली रामसर जागा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) ठरली. पाणथळ प्रस्तावासाठी जागेची हद्द अक्षांश-रेखांशासह, पाणी कुठून येते ते प्रभावक्षेत्र, तिथले पूर्वापार हक्क आणि कोणती कामे बंद किंवा मर्यादित हवीत याची टिपणी लागते. मसुदा जाहीर झाला की हरकतींना ६० दिवस मिळतात.

खाजगी वनाचा निकष वेगळाच आहे: किमान ५ हेक्टर सलग क्षेत्र, ७५ टक्के वनवृक्ष आणि ०.४ छत्रघनता (झाडांच्या शेंड्यांनी झाकलेला जमिनीचा हिस्सा). काजूचे भाट घनदाट दिसले म्हणून ते वन ठरत नाही. नंबर यादीत आहे का, हे वन खात्याकडे लेखी विचारावे.

नकाशा एकावर एक ठेवताना

क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. गोवा यूटीएमच्या (नकाशांसाठीच्या जागतिक निर्देशांक पद्धतीच्या) ४३ उत्तर पट्ट्यात येतो. सर्व्हे प्लॅन बसवताना देऊळ, पूल, बांधांचा तिठा, मानशीचे दार अशा जागेवर न हललेल्या खुणा घ्याव्यात.

मोजमापाचे भान सुटले की सगळी मेहनत वाया जाते. गावचा सर्व्हे प्लॅन बहुधा १:१००० चा असतो, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर एक मीटर. किनारी आराखड्याचे मुख्य नकाशे १:२५,००० चे. त्यांवरचा एक मिलिमीटर म्हणजे २५ मीटर! त्या नुसत्या रेघेच्या जाडीत एखाद्याचे अख्खे घर मावते. म्हणून असा नकाशा मोठा करून 'हे घर सीआरझेडमध्ये' असा निकाल आपण देऊ नये. वाद असेल तर केंद्राने अधिकृत केलेल्या संस्थेकडून भरतीरेषा आखून घ्यावी लागते. मोबाईलचा जीपीएस झरा दाखवायला ठीक, हद्द ठरवायला नाही. हद्दीसाठी सर्व्हे कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा. शेजारच्या कब्जेदारांना नोटीस जाते, म्हणून त्यांची नावे-पत्ते आधी गोळा करून ठेवा.

नकाशावर नंबर लिहा, माणसांची नावे लिहू नका. गावात नकाशावरून भांडणे व्हायला तेवढे पुरते.

तयार झाल्यावर कुठे द्यावा

झरा, तळे, खाजन अशा प्रत्येक नैसर्गिक साधनासाठी एक ओळ असा तक्ता करावा: सर्व्हे नंबर व उपविभाग, एक-चौदावरील नोंद, झोन, सीआरझेड वर्ग, प्रत्यक्षात काय आहे, फोटोची तारीख. पावसाळ्यातला आणि एप्रिल-मेमधला असे दोन्ही फोटो हवेत. आषाढात गोव्यात प्रत्येक डोंगराला झरा असतो.

हा तक्ता पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला देऊन लोक जैवविविधता नोंदवहीत घ्यायला सांगावा आणि ग्रामसभेत ठराव करून घ्यावा. ठरावात सर्व्हे नंबर आलेच पाहिजेत. 'गावातील खाजनांचे रक्षण व्हावे' अशा नुसत्या ठरावाला कुठल्याही खात्याला उत्तर द्यावे लागत नाही. त्याच्या प्रती नगरनियोजन खाते, किनारी प्राधिकरण आणि मामलेदाराला देऊन आवक क्रमांक घ्यावा.

त्यानंतर राजपत्रावर नजर ठेवायची. २०२४ साली आणलेल्या, बऱ्याच वादात सापडलेल्या नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९अ मध्ये झोन बदलाचा प्रस्ताव जाहीर झाल्यापासून सूचनांना ३० दिवसांची मुदत ठेवलेली होती. प्रस्तावात सर्व्हे नंबर असतात, त्यामुळे आपल्या तक्त्याशी ते लगेच ताडून पाहता येतात. मूळ फाईल, जागेचा पाहणी अहवाल आणि नकाशा पाहायचा तर माहिती अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. पण त्या उत्तरालाही ३० दिवस लागू शकतात. म्हणून हरकत आधी नोंदवावी आणि माहितीचा अर्ज त्याच दिवशी द्यावा.