चाचणी संपली, पण निकाल रुग्णाला कोण सांगणार?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. भिल्ल, पावरा कुटुंबांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. यातल्या बऱ्याच रुग्णांना आज हायड्रॉक्सियुरियाची गोळी दिली जाते. ही गोळी गुणकारी आहे हे ठरलं ते अमेरिकेतल्या एका चाचणीत. तिच्यात २९९ प्रौढ रुग्ण होते. साधारण निम्म्यांना औषध दिलं, उरलेल्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. औषध घेणाऱ्यांचे वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले, म्हणून जानेवारी १९९५ मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवली. डॉक्टरांना तातडीची सूचना गेली, मे महिन्यात शोधनिबंध छापून आला. ज्यांच्या अंगावर हे सगळं ठरलं त्या रुग्णांना निकाल सांगायलाच हवा का, यावर वैद्यकीय संशोधनाच्या नीतीचा जगभर मानला जाणारा हेलसिंकी जाहीरनामा तेव्हा अवाक्षरही काढत नव्हता.

याची मुळं जुनी आहेत. १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून निघाली. मर्जीविरुद्ध कुणावर प्रयोग होऊ नये, ही तिची मुख्य चिंता. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याचा भरही संमती आणि धोका यांवरच होता. १९७२ मध्ये टस्कीगीचं प्रकरण उजेडात आलं. अमेरिकेत काळ्या शेतमजुरांना उपदंशावर उपचार न देता चाळीस वर्षं नुसतं निरखत ठेवलं होतं. त्यानंतर नियम आणखी आवळले गेले, पण तेही माणूस चाचणीत शिरतो त्या दारापाशीच. तो बाहेर पडतो त्या दाराकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

रावेर-यावलकडे एखाद्याच्या शेतात केळीच्या नव्या वाणाचा प्लॉट लावला, तर घड कसा भरला हे त्याला बांधावरूनच दिसतं. औषधाच्या चाचणीत तसं होत नाही. आपल्याला औषध मिळालं की रिकामी गोळी, हे बहुतेकदा रुग्णालाही माहीत नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. बरं वाटलं तर ते गोळीनं की आपसूक, हे एकट्याच्या अनुभवावरून ठरत नाही. शेकडो जणांचा हिशेब एकत्र मांडला की मगच ठरतं. म्हणजे कुणी मुद्दाम येऊन सांगितलं नाही, तर त्या माणसाला ते जन्मात कळायचं नाही. आणि सांगणार कोण? कंपनीला निकाल औषध नियंत्रकापुढे ठेवायचा असतो, संशोधकाला नियतकालिकात छापायचा असतो. रुग्णाचं काम कुणाच्याच यादीत नसतं, त्यासाठी पैसाही बाजूला काढलेला नसतो.

२००३ च्या सुमारास कॅनडातले बालकर्करोगतज्ज्ञ कॉनराड फर्नांडेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, निकाल कळवणं हे सौजन्य नव्हे तर नैतिक बंधन आहे, अशी मांडणी केली. हेलसिंकी जाहीरनाम्यात हा हक्क २००८ मध्ये आला. २०१३ च्या सुधारणेत तो जास्त शहाणपणानं लिहिला गेला: निकाल जाणून घेण्याचा पर्याय प्रत्येकाला द्यावा. पर्याय म्हणायचं कारण, आपल्या वाट्याला रिकामी गोळी आली होती किंवा औषध फसलं, हे प्रत्येकालाच ऐकायचं असतं असं नाही. युरोपीय संघानं २०१४ च्या कायद्यात सर्वसामान्यांना कळेल असा सारांश बंधनकारक केला. तो लागू व्हायला ३१ जानेवारी २०२२ उजाडली.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची नीतितत्त्वं १९८० पासून आहेत. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही, सीटीआरआय, २००७ मध्ये उघडली आणि जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. पुढच्याच वर्षी आंध्रातल्या (आता तेलंगणात) खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांतला, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरच्या लसीचा प्रकल्प थांबवावा लागला. आश्रमशाळांतल्या मुलींच्या संमतिपत्रावर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केल्याचं निघालं. नंदुरबारच्या आश्रमशाळा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे कसं घडलं असेल ते सांगायला नको. संसदीय समितीनं २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले. नुकसानभरपाईचे नियम आले, संमतीचं ध्वनिचित्रमुद्रण आलं आणि मग २०१९ ची नवी नियमावली. हे सगळं गरजेचंच होतं. पण सहभागी माणसाला त्याच्या भाषेत निकाल द्यावाच लागेल, अशी सक्ती त्यातही नाही. परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं निष्कर्ष लोकांपुढे आणायला सांगतात, ते नोंदवह्या, अहवाल आणि प्रकाशनं यांतून. म्हणजे बहुतेक इंग्रजीतून.

निकाल कळणं ही नुसती मानाची गोष्ट नाही, हे मराठी मुलखातच दिसलं आहे. उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी झाली. ५२ गावगटांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका तिच्यात होत्या. आकारानं साधारण सारख्या असलेल्या दोन गटांपैकी, ज्या गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली त्यात या कर्करोगानं ३४ मृत्यू झाले. ज्यांना फक्त नेहमीची सेवा मिळाली त्या गटात ६४. हे आकडे २००९ मध्ये जगभर गाजले. आता त्या दुसऱ्या गटातल्या बाईच्या जागी उभं राहून बघा. तिच्यासाठी हा निकाल म्हणजे ‘तपासणी करून घे’ असा थेट सांगावा होता. तपासणी न झालेल्या गटात ठेवणं योग्य होतं का यावर पुढे बराच वाद झाला. निकालाची सगळ्यांत जास्त गरज याच गटाला असते, ही बाजू त्या वादात मागे पडली असं मला वाटतं.

कसा कळवावा, हाही अभ्यासाचा विषय झाला आहे. ब्रिटनमध्ये अंडाशयाच्या कर्करोगाच्या एका चाचणीतल्या बायकांवर हे आजमावलं, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. छापील सारांश घरी पोस्टानं गेला तिथे समाधान वाढलं. सजवलेल्या संकेतस्थळानं काही फरक पडला नाही.

खानदेशात पोस्टाचाही भरवसा नाही. इथला कर्करोगाचा रुग्ण मुंबई, नाशिक नाहीतर सुरतेला जातो, तिथेच चाचणीत नाव देतो आणि परत आल्यावर त्या दवाखान्याशी संबंध तुटतो. सातपुड्यातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. मोबाइल नंबर बदलतात. जळगाव-धुळ्याकडे अहिराणीत, धडगावकडे पावरीत कुणी तोंडानं सांगितलं तर गोष्ट पोहोचते, आणि हे काम आशाताई डॉक्टरांपेक्षा बरं करतील. वेळ निवडायची तर होळीची. भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत पाड्यावरचं माणूस घरी असतं.

तोवर एक साधी सोय हाताशी आहे. भारतातल्या प्रत्येक औषध-चाचणीला सीटीआरआयचा क्रमांक असतो. सही करतानाच तो डॉक्टरांकडून मागून फाइलीवर लिहून घ्यावा, आणि निकाल कधी, कोण, कोणत्या भाषेत सांगणार हेही तेव्हाच विचारावं. पुढे कॉलेजात शिकणाऱ्या पोराला त्या क्रमांकावरून चाचणीची नोंद कुठल्याही मोबाइलवर काढता येते.