शासकीय वापराच्या तंबाखूवरील करमाफी (अमेरिका)

अमेरिकी संघशासनाच्या वापरासाठी कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या सिगारेटी, सिगार, तपकीर, चघळण्याची व पाइपची तंबाखू, तसेच सिगारेटचे कागद यांवरील संघीय उत्पादन शुल्काची माफी. तिचा आधार अंतर्गत महसूल संहितेच्या कलम ५७०४ मध्ये आहे. तपशीलवार नियम संघीय विनियम संहितेच्या २७व्या शीर्षकातील भाग ४५ मध्ये दिले आहेत. अंमलबजावणी कोषागार खात्याच्या मद्य व तंबाखू कर आणि व्यापार ब्यूरोकडे आहे.

एरवी कारखान्याच्या आवारातून माल निघाला की कर देय होतो. २००९ पासून हा कर नेहमीच्या आकाराच्या हजार सिगारेटींना ५०.३३ डॉलर, म्हणजे वीसच्या पाकिटाला सुमारे १.०१ डॉलर आहे. त्याआधी तो पाकिटाला ३९ सेंट होता. शासनासाठीचा माल मात्र परवानाधारक उत्पादकाला कर न भरता पाठवता येतो. सरकारने स्वतःवरच कर बसवणे म्हणजे एका खिशातले दुसऱ्या खिशात घालणे, त्यामुळे ही सवलत समजण्यासारखी आहे. खरी अडचण पळवाटीची: करमुक्त पाकीट खुल्या बाजारात आले तर महसूल बुडतो. म्हणून प्रत्येक पाकिटावर ‘करमुक्त. अमेरिकेच्या वापरासाठी. विक्रीसाठी नाही.’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना छापावी किंवा चिकटवावी लागते. तिच्यातला शेवटचा, विक्रीबद्दलचा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण दुकानात मांडून विकण्याच्या मालासाठी ही सवलत नाही.

लष्करी दुकानांतली स्वस्त सिगारेट हा वेगळा मामला आहे, पण दोन्हींची गल्लत सर्रास होते. देशांतर्गत तळांवर विकल्या जाणाऱ्या सिगारेटींवर संघीय शुल्क भरलेले असते. माफ असतो तो राज्याचा कर. संघशासनाच्या संस्थांवर राज्याला कर लादता येत नाही, हे तत्त्व मॅक्युलॉक विरुद्ध मेरीलँड (१८१९) या खटल्यात प्रस्थापित झाले. १९४० च्या बक कायद्याने संघीय क्षेत्रांत राज्यांना विक्रीकर घेऊ दिला, पण संघशासनाच्या संस्थेने अधिकृत ग्राहकाला केलेली विक्री त्यातून वगळली. मुंबईत मुख्यालय असलेल्या, सैनिकांसाठी सवलतीची दुकाने चालवणाऱ्या आपल्या कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंटची धाटणी निराळी: तिथे वस्तू व सेवा कर आधी भरला जातो आणि निम्मा परत मिळतो.

शासनाने सैनिकांना सिगारेटी फुकट वाटण्याचा सुकाळ दुसऱ्या महायुद्धात होता. के-रेशन या रणांगणावरच्या तयार शिध्यात सैनिकाला जेवणासोबत सिगारेटीही मिळत. लष्करी शिध्यातून त्या १९७५ मध्ये वगळल्या गेल्या. नियमांचा भाग ४५ मात्र पुस्तकात राहिला. लष्करी दुकानांतली स्वस्ताईही पुढे अडचणीची ठरली. सैनिकांना तंबाखू सोडवायची मोहीम चालवायची आणि तळावर ती सवलतीत विकायची, हा विसंगत कारभार अमेरिकी संसदेने २०१५ च्या आर्थिक वर्षासाठीच्या संरक्षण कायद्यात रोखला: देशांतर्गत लष्करी दुकानांत तंबाखूची किंमत स्थानिक बाजारातल्या सर्वांत स्पर्धात्मक किमतीहून कमी ठेवता येत नाही.