छतातले केमिकल अँकर : चाचणीत पास, तरी सुटतात का?

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत स्लॅबखाली डक्ट किंवा पाइपलाइन टांगायची असली की भोक मारून केमिकल भरतात, रॉड खोचतात आणि सेट झाल्यावर जॅकने ओढून बघतात. रॉड हलला नाही की काम पास. एवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही, हे बोस्टनमध्ये उघड झालं.

अमेरिकेतल्या या शहरात आय-९० महामार्गाच्या जोड-बोगद्यात काँक्रीटचे छत-पॅनल इपॉक्सीने (चिकटवणारं केमिकल) बसवलेल्या अँकरवर टांगले होते. १९९९ मध्ये, काम चालू असतानाच, काही अँकर खाली सरकलेले दिसले. ते बदलले, ओढून तपासले आणि काम पुढे गेलं. बोगदा २००३ मध्ये खुला झाला. १० जुलै २००६ रोजी सुमारे २६ टनांचे पॅनल एका गाडीवर कोसळले आणि आतल्या महिलेचा जीव गेला. चौकशीत निघालं की लवकर सेट होणारं ते इपॉक्सी कायमच्या ओढीखाली क्रीप होत होतं : भार तेवढाच, पण अँकर कणाकणाने बाहेर येत राहिला. काही मिनिटांच्या चाचणीत हे दिसणं शक्यच नव्हतं. भरीत भर म्हणजे, बोगदा खुला झाल्यावर छताची नियमित तपासणीही कोणी केली नाही. २ डिसेंबर २०१२ रोजी जपानच्या सासागो बोगद्यात छत पडून ९ जण गेले. तिथेही अँकर रेझिनने, म्हणजे अशाच चिकटवणाऱ्या केमिकलने बसवलेले होते, १९७७ पासून भार पेलत असलेले.

बोस्टननंतर अमेरिकेच्या एसीआय ३१८ या काँक्रीट बांधकामाच्या कोडच्या २०११ च्या आवृत्तीत नियम आला : कायमच्या ओढीसाठी बाँडची, म्हणजे केमिकलच्या पकडीची, ताकद ५५ टक्केच धरायची, आणि आडवे किंवा छतातले असे अँकर प्रमाणपत्रधारक माणसानेच बसवायचे. केमिकलची दीर्घकालीन चाचणी ४३ अंशांवरही होते. नाशिकला मे महिन्यात पारा ४० पार करतो आणि उघड्या गच्चीचा स्लॅब त्याहून तापतो, म्हणून हा आकडा आपल्याला जवळचा.

साइटवर जास्त घात धूळ करते. १२ मिमी रॉडला साधारण १४ मिमी भोक. ते तळापासून, म्हणजे आतल्या टोकापासून, हवेने फुंकायचं, तारेच्या ब्रशने घासायचं, पुन्हा फुंकायचं. धूळ राहिली तर केमिकल काँक्रीटला न चिकटता धुळीला चिकटतं. कार्ट्रिजचा (केमिकलच्या नळीचा) सुरुवातीचा माल रंग एकसारखा होईपर्यंत फेकायचा. छतातल्या भोकात नोझलला पिस्टन प्लग (भोकात घट्ट बसणारं बूच) लावून तळापासून भरायचं, नाहीतर आत हवा अडकते. पावसाळ्यात ओल्या भोकासाठी मान्यता असलेलंच केमिकल घ्यायचं. डोक्यावरच्या भारासाठी मान्यतापत्रात कायमच्या ओढीची चाचणी आणि कमाल तापमान दिलेलं नसेल, तर ते केमिकल नाकारून स्लॅबमधून आरपार बोल्ट टाकावा.